तात्यांची तंबाखू

१० जाने. १९७१, रविवार. मिरजगाव

कुसुमला पाहायला नेवाशाकडचे आले. मुलगा दिनकर, हायस्कुलात मास्तर. बोलणं बेताचं, पोह्यांना नावं ठेवली नाहीत, म्हणजे पास. त्याचे वडील तात्या, बागाईतदार माणूस. बैठक संपेपर्यंत अंगठ्याने तळहातावर तंबाखू मळत होते. तोंडात मात्र टाकली नाही. बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. असो, आमच्या घरी तरी कोण बोलतं!

संध्याकाळी कुसुम कपबशा विसळताना गुणगुणत होती. समजलो. नाना गेल्यापासून या धाकट्या बहिणीचा बापही मीच. आज फार बरं वाटलं.

१२ जाने.

दवाखान्यात गर्दी. पेशंट दारातून आत येईपर्यंत चालीवरून रोग ठरवायची माझी खोड आई म्हणते तशी वाईटच. पाय घासत, झाडू फिरवल्यासारखा फिरवत येणारा लकव्याचा. पुढे वाकून लगबगीने येणारा कंपवाताचा. पाय आपटत, जमिनीकडे बघत येणारा, त्याच्या पायांची संवेदना गेलेली.

एकाला मलमाची डबी देताना एकदम आठवलं. तात्यांनी चुन्याची डबी काढलीच नव्हती. उठताना हातही झटकले नाहीत.

हातात काही नव्हतं.

१७ जाने., रविवार

सुपारी फुटली. आई, मामा आणि मी नेवाशाला गेलो होतो. जेवणाआधी तात्यांनी ऊस दाखवायला नेलं. मी मुद्दाम मागे राहिलो. बांधावरून चालताना त्यांचा पाय भलतीकडेच पडायचा, खांदा मधेच उडायचा, तोंड वेडावल्यासारखं व्हायचं. मामा कानात म्हणाले, “व्याही सकाळीच लावून आलेत की रे.” मी जवळून चाललो. वास नव्हता.

तात्यांच्या वडिलांचं विचारलं तर भावकीतला एकजण म्हणाला, “ते बी लई प्यायचे. हिरीत पडून गेले.”

बोलायला हवं होतं. पण चारचौघांत काय बोलणार, अजून खात्री कुठे... मला पेढा भरवला. गिळला.

२४ जाने.

याद्यांचं निमित्त काढून एकटाच नेवाशाला. तात्या गोठ्यात होते. जीभ बाहेर काढून धरा म्हटलं. आपोआप आत गेली, तीनदा. मग माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. मूठ घट्ट, सैल, घट्ट, सैल. धार काढतात तशी.

माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं, “आमच्या बाचं बी आसंच हुतं. चाळिशी सरली की धरतंय. तंबाखू मळतोय म्हनलं की कुनी बघत न्हाई.”

“दिनकरला माहीत आहे?”

“न्हाई. त्याला वाटतंय मी पितो. वाटू द्या. दारुड्याच्या पोराला पोरगी मिळती, डाक्टर. ह्याच्या पोराला कोन देईल?”

त्यांनी हात जोडले. जोडलेले राहीनात.

परतीच्या एष्टीत स्वतःचीच चीड आली. हे दुखणं रक्तातून उतरतं, निम्म्या मुलांत. औषध नाही. शेवटी डोकंही जातं. पुस्तकात याच्या नावापुढे ‘कोरिया’ लिहिलंय, म्हणजे नृत्य. लिहिणाऱ्याने गोठ्यात येऊन बघावं.

२६ जाने.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “सुपारी फुटल्यावर मोडलं तर पोरीला नाव ठेवतील. आन् त्यांच्या घराचं काय होईल? तू डॉक्टर हाईस, देव न्हाईस.” जेवली नाही.

३१ जाने.

कुसुमला सांगितलं. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

“त्यांना होईल?”

“होईल किंवा नाही होणार. निम्मं निम्मं.”

“कधी कळेल?”

“दिसायला लागलं की.”

“म्हणजे मुलं झाल्यावर.”

निवडलेले तांदूळ तिने सुपात घेऊन पुन्हा पाखडले. मग म्हणाली, “दादा, त्यांना आधी सांग. त्यांना माहीत नसताना मी हो म्हणणार नाही आणि नाहीपण म्हणणार नाही.”

७ फेब्रु., रविवार

दिनकर आला. माजघरात बसवून सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल, माझी अक्कल काढेल. त्याने एवढंच पकडलं.

“म्हणजे तात्या पीत नव्हते.”

“नाही.”

“कॉलेजला गेल्यापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. पितात म्हणून.”

मला बघवेना. पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून त्याने हात पुढे केला. “माझा बघा.”

“तुमचं अजून वय नाही. आज बघून काही...”

“बघा, दादा.”

दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. कुसुम दारात येऊन उभी राहिली. आई आत भांडी वाजवायची थांबली.

मूठ घट्ट होती. मग सैल झाल्यासारखी वाटली. परत घट्ट. त्याच्या तळव्याला घाम सुटलेला, आणि माझाच हात कापत होता. त्यात त्याचं किती आणि माझं किती, मला सांगता येईना. रोज लोकांचं सांगतो.

“काय, दादा?” कुसुमने विचारलं.

“चहा टाक,” म्हणालो.

ती गेली नाही. त्यानेही बोटं सोडली नाहीत.