फ्रेममागच्या पट्ट्या

लालबाग, ४ जानेवारी २०२४

चि. नम्रता हिस अनेक आशीर्वाद, जय भीम.

तुझा पलंग, अभ्यासाचं टेबल, आईची स्वयंपाकघरातली मांडणी, वंदनेचा चौरंग आणि भिंतीवरच्या सगळ्या फोटोफ्रेम्स मी या हातांनी केल्या. कुणी शिकवलं नाही. रे रोडच्या वखारीत बघून बघून शिकलो. अस्सल सागवान, कोपऱ्यात कागद शिरेल एवढी फट दाखव. आणि तुझ्या कॅनडाचा व्हिसावाला साहेब लिहितो, दत्तक फक्त कागदावर, बापलेकीचं नातं खरं नाही!

दादा-वहिनी गेले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तेव्हापासून तू माझीच. काल गंगुबाईंनी जिन्यात विचारलं, पुतणीकडे कधी निघालात? मान खाली घालून उतरलो. तुझी आई वैशाली गेल्यापासून घर खायला उठतं, पण असं सिद्ध करून यायचं असेल तर नको.

तुझा बाबा

टोरांटो, ११ जानेवारी

ती. बाबांस सविनय जय भीम.

शेजारच्या आकांक्षाने पत्राचा फोटो पाठवला. अपील टाकलंय, आता "नको" चालणार नाही.

वकीलबाईंना लहानपणापासूनचे आपले एकत्र फोटो हवेत. मी माझ्याकडचे सगळे बघितले. मी आणि आई, मी आणि आई. त्यांनी विचारलं, वडील कुठे होते? मला तोंड लपवावंसं वाटलं. फ्रेमच्या मापात बसावेत म्हणून तुम्ही फोटो कापायचात, आणि दरवेळी कापला जायचा तो कडेला उभा असलेला माणूस. आई चिडवायची, अहो मिस्त्री, फ्रेम जरा मोठी करा की! तुम्ही म्हणायचात, माप ठरलंय. बाबा, माप ठरवायचं कोण?

पण तुम्ही कपटासुद्धा फेकत नाही. फोटो हलू नये म्हणून ती पट्टी मागे पॅकिंगला घालायचात, मी बघितलंय. ठोकलेली फ्रेम तुम्ही उघडत नाही, ठाऊक आहे. माझ्यासाठी उघडा.

रागावलात तरी माया ठेवा.
तुमचीच नम्रता

लालबाग, २१ जानेवारी

चि. नम्रता हिस अनेक आशीर्वाद.

सगळ्या उघडल्या. प्रत्येकीत मी निघालो. शीवच्या किल्ल्यावरच्या फोटोला पट्टी लावून बघितली. तुझ्या खांद्यावर माझी चार बोटं राहून गेली होती. ती कापायची तर तुझा खांदा कापावा लागला असता. मनगट बोटांना बरोबर जुळलं.

मापाचं कारण खोटं. दादा बी. ए., मी सातवीतून बाहेर पडलेला. त्याच्या लेकीशेजारी बाप म्हणून भिंतीवर उभं राहायची लाज वाटायची. आज त्या लाजेची लाज वाटते.

पट्ट्या शेजारी लावून, आहेत तशा पाठवतोय. साहेबाने काय ते ठरवावं. मी आता मान खाली घालणार नाही. गंगुबाईंना सांगितलंय, पुतणी नव्हे, मुलगी.

जपून राहा, आणि या म्हाताऱ्यावर लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा बाबा

ता. क. दादरचा स्टुडिओवाला हितेंद्र म्हणाला, काका, कापाची रेघ पुसतो, वर तुम्हाला कोट-टाय चढवतो, साहेबाच्या बापाला कळणार नाही. मी नको म्हटलं. सगळ्या फोटोंचे मिळून साडेचार हजार सांगत होता.