लीडम काउंटीत राहून गेलेला हुकूमनामा

क्लोव्हर फोर्क, मिसूरी
सप्टेंबरचा शेवटचा रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय व्हर्लिन,

तुझी एके काळची बायको ग्लेंडा हिचा नमस्कार. ("प्रिय" लिहावं की नाही यात दोन कागद फुकट गेले. "श्रीयुत प्रुइट" लिहून पाहिलं, तर वीज तोडण्याच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. शेवटी म्हटलं, ज्या माणसाचे मोजे इतकी वर्षं धुतले, त्याला एक "प्रिय" द्यायला आपलं काय जातं.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझी भाची रोंडा सांगत होती, की एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच्या वेळी तू डॉक्टरला म्हणालास, राहू दे, एक तरी मूळचा असावा. ऐकून बरं वाटलं. म्हणजे डोकं पूर्वीसारखंच चालतंय. माझी तब्येत ठीक आहे. कान थोडे गेलेत, पण आता ऐकण्यासारखं घरात बोलतंय कोण?

माझा नवरा हॉलिस गेला, तेव्हा तू पाठवलेली फुलं मिळाली. कार्डावर "हॅरिस" लिहिलं होतं. फुलवालीची चूक असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. हॉलिसची बहीण मेव्हिस मात्र म्हणाली, "कसली फुलवाली! त्या मेल्याने मुद्दाम लिहिलंय." तिचं मनावर घेऊ नकोस, ती पाद्रीबाबांनाही असंच बोलते. फुलं पांढरी होती आणि इतरांच्यापेक्षा जास्त टिकली, हे तुला कळवायचं राहून गेलं होतं.

हॉलिसला तू एकदाच पाहिलंस, त्या पेट्रोलपंपावर, आणि तेव्हा तुम्ही दोघं माझ्याकडे न बघता टायरांबद्दल बोललात. म्हणून सांगते, की तो चांगला माणूस होता. आरमारात जहाजावर स्वयंपाकी होता, आणि त्यामुळे त्याला दोन माणसांपुरतं शिजवणं जन्मात जमलं नाही. घेवड्याचं सूप करायचं तर अख्ख्या जहाजाचं. उरलेलं डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. मी आयुष्यभर त्यावरून कटकट केली. एप्रिलात तो गेला, त्यानंतर मी रोज एक डबा काढून गरम करायची. आता शेवटची फळी लागली आहे. ते डबे संपले की तो खरा गेला, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलंय, म्हणून आजकाल मी पाव-लोण्यावर भागवते आणि फ्रीझर उघडून नुसती बघते. (मेव्हिस म्हणते, विजेचं बिल वाढेल. वाढू दे.)

त्याला सैनिकांच्या दफनभूमीत जागा मिळाली. तिथे पद्धत अशी आहे, की दगडाच्या पुढच्या बाजूला शिपायाचं नाव आणि मागच्या बाजूला, तिची वेळ आली की, बायकोचं. त्याच खड्ड्यात, त्याच्यावरच ठेवतात. हॉलिसला मी हे तो असतानाच वाचून दाखवलं होतं, तर म्हणाला, "म्हणजे तिथेही वरचढ तूच." मी जाते तेव्हा पुढे फुलं ठेवते आणि मग मागे जाऊन कोऱ्या बाजूसमोर जरा वेळ उभी राहते. आपली जागा बघून ठेवलेली बरी. वारा थोडा जास्त आहे, पण शेजार शांत आहे.

तर त्या दफनभूमीच्या ऑफिसातून फोन आला. माणूस इतका अदबीने बोलत होता, की मला आधीच धडकी भरली. म्हणाला, "बाई, आधी एक लग्न झालं होतं असं तुम्ही अर्जात लिहिलंय. ते मोडल्याचा कोर्टाचा हुकूमनामा आमच्याकडे नाही. एक शिक्क्याची नक्कल पाठवून द्या." हॉलिसशी लग्न करताना कोणी काही मागितलं नव्हतं. "आधीचं संपलं ना?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं, आणि पुढे शॅम्पेनच्या नावाखाली सफरचंदाचा रस प्यायलो. घरभर शोधलं. आईच्या शिवणयंत्राची पावतीसुद्धा सापडली, पण हुकूमनामा नाही. घटस्फोटाचा कागद कोण फ्रेम करून भिंतीवर लावतं?

मी आधी लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर बघितलं. तो म्हणाला, इतके जुने खटले माझ्यात नाहीत, त्या त्या काउंटीत जाऊन विचारा. म्हणून मी आपल्या टॅलमन काउंटीच्या कोर्टात गेले. दारातल्या शिपायाने माझ्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या (जणू मी जजसाहेबांना स्वेटर घालून ठार मारणार होते). पहिल्या खिडकीत अर्धा तास रांगेत उभी राहिले, तेव्हा आतली पोरगी म्हणाली, "इथे लग्नं आणि जमिनी, आजी. मोडलेली लग्नं वरच्या मजल्यावर." वरच्या मजल्यावर जुन्या खटल्यांच्या जाडजूड सूच्या आहेत. सार्वजनिक कागद असल्यामुळे तुम्ही कोण, कशाला हवंय, काही सांगावं लागत नाही, बसा आणि वाचा. "प्रुइट" काढलं, तर व्हर्लिन, तुझं खानदान म्हणजे त्या कोर्टाचं कायमचं गिऱ्हाईक! मी तुझ्या एझ्राकाकाचा डुकरचोरीचा खटला अथपासून इतिपर्यंत वाचला. अरे, डुकरं त्याचीच होती. निकाल त्याच्या बाजूने लागला होता. आपण मात्र इतकी वर्षं तो घरी आला की कोंबड्या मोजत बसलो. आता तो नाही, नाहीतर त्याच्यासाठी भाकरी-मांस घेऊन गेले असते.

आपला खटला मात्र तिथे नव्हता. तिथली बाई म्हणाली, तुमच्या वकिलाने शेजारच्या काउंटीत लावला असेल, तेव्हा तसं करायचे. शेजारच्या काउंट्या चार. मी गाडीत येऊन बसले आणि त्या दिवसाचं काही आठवतंय का ते बघायला लागले. कोर्ट आठवेना, रस्ता आठवेना. आठवला तो केक. माझी गाडी बंद होती म्हणून घटस्फोटाला आपण तुझ्याच ट्रकमधून गेलो होतो, आणि परत निघताना तुला भूक लागली (तुला अंत्ययात्रेतही लागते), म्हणून समोरच्या हॉटेलात बसून आपण काळ्या अक्रोडाचा केक खाल्ला होता. दोघेही ठेवणीतल्या कपड्यांत. वाढणारीने विचारलं, "लग्नाचा वाढदिवस वाटतं?" आणि तू म्हणालास, "तसंच काहीतरी." तिने केकवर मेणबत्ती लावून आणली आणि आपण दोघांनी ती फुंकली. असा केक त्या भागात एकाच गावात मिळायचा, आणि ते गाव लीडम काउंटीचं. माझ्या पोटाला जे माहीत होतं ते माझ्या डोक्याला आठवत नव्हतं, असं म्हण.

लीडमला गेले, तर कोर्टाचं छप्पर गळतंय म्हणून जुनी दप्तरं जुन्या तुरुंगात हलवलेली. हॉटेलच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. कोर्टाची कारकून तबिथा नावाची आहे, पन्नाशीची, सर्दीने बेजार. तिने अर्ज भरून घेतला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले, तर "प्रुइट नावाचं काही नाही" म्हणाली. माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. नाक पुसत म्हणाली, "थांबा. तेव्हा माझी आत्या इथे कारकून होती, आणि तिचं स्पेलिंग देवाच्या हवाली असायचं. दुसऱ्या कशाखाली बघते." पुन्हा तुरुंगात गेली. आपण "ब्रूएट" खाली निघालो. इतकी वर्षं आपण दोघं तिथे परक्या नावाने पडून होतो, रे.

फाईल पातळ होती. माझा अर्ज, त्यावर माझी सही, तुझी सही. तुझी सही पाहून मी जरा थांबले. इतकी ठळक, इतकी सावकाश केलेली सही तू लग्नाच्या रजिस्टरातही केली नव्हतीस. मग जजसाहेबांचा त्या दिवसाचा रोजनामा: "दोन्ही पक्ष हजर. ऐकले." बस्स. पुढचं पान नाही. तबिथाने फाईल झटकली, उलटी केली, दिव्यासमोर धरली. म्हणाली, "निकाल तोंडी दिला असेल, तर हुकूमनामा लिहून आणून सही घ्यायचं काम तुमच्या वकिलाचं. त्यांनी आणलेलाच दिसत नाही."

आपले वकील बर्चफील्ड. तुला आठवतं, त्याच आठवड्यात त्यांना झटका आला आणि ते मासे धरता धरता गेले. मी त्यांच्या अंत्यविधीला केकसुद्धा पाठवला होता. हुकूमनामा त्यांच्या बॅगेतच गेला असणार.

मी विचारलं, "म्हणजे काय झालं, ते मला सरळ सांगा."

तबिथा म्हणाली, "म्हणजे बाई, कागदोपत्री तुम्ही अजून मिसेस प्रुइट आहात. नाहीतर मिसेस ब्रूएट."

मला हसू आलं. खरंच, मोठ्याने. इतकं, की दारातला शिपाई आत डोकावला. मग मला वाटलं, हे घरी जाऊन हॉलिसला सांगितलं तर तो खुर्चीवरून पडेल. आणि तेव्हा मला आठवलं, की घरी कोणी नाही. तबिथाने आपला कागदी रुमालांचा खोका माझ्याकडे सरकवला. एका खोक्यातून आम्ही दोघींनी आळीपाळीने रुमाल काढले, तिने सर्दीसाठी, मी दुसऱ्या कारणासाठी.

मेव्हिसला सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ इतकी वर्षं बिनलग्नाचा राहिला? चर्चच्या समितीवर होता तो!" मग उठून माझी भांडी घासायला लागली. म्हणाली, "दगडावर तुझं नाव नसेल, तर तिथे मला ठेवतील का?" मी म्हटलं, बहिणीला ठेवत नाहीत. ती म्हणाली, "मग काय तो एकटाच पडून राहणार?" आम्ही दोघी ती घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

तबिथाचा मंगळवारी फोन आला होता. ती सध्याच्या जजसाहेबांशी बोलली. भली बाई आहे. साहेब म्हणाले, तेव्हा निकाल तोंडी दिला होता असं सिद्ध झालं, तर ते आज त्या जुन्या तारखेचा हुकूमनामा काढू शकतात, म्हणजे पुढचं सगळं आपोआप खरं ठरतं. नाही ठरलं, तर दगडाची मागची बाजू कोरी राहील. तबिथाने विचारलं, "त्या खोलीतलं कोणी जिवंत आहे का?" जजसाहेब गेले, बर्चफील्ड गेले, टंकलेखन करणारी बाई तर त्याच वर्षी फ्लोरिडाला जाऊन वारली. मी म्हटलं, बघते.

असो. इकडची हकिगत अशी आहे. जुन्या ओळखीच्या माणसाला कळवावी, म्हणून लिहिली. रोंडाला माझे आशीर्वाद सांग. थंडी सुरू होईल, गुडघ्याला लोकरीचं काही बांधत जा.

तुझी (आता कायद्यानेही),
ग्लेंडा

ता. क. सोबत एक कागद आहे. प्रतिज्ञापत्र म्हणतात. त्यावर लिहिलंय, की त्या दिवशी तू कोर्टात हजर होतास आणि जजसाहेबांनी घटस्फोट मंजूर केल्याचं तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस. नोटरीसमोर सही करायची आहे. रोंडाच्या बँकेत नोटरी असते, मी फोन करून विचारलं आहे. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलंय. तू म्हणशील, एवढ्यासाठी इतकं लांबलचक पत्र? तर होय.

ता. क. २. असाच कागद माझ्यासाठीही आहे, पण त्यावर मी अजून सही केलेली नाही. कारण मी काही ऐकलं नव्हतं, व्हर्लिन. जजसाहेब पुटपुटायचे, आणि मी रडू नये म्हणून मनातल्या मनात उलटे आकडे म्हणत होते. सगळे उठले तशी मीही उठले. बाहेर पायऱ्यांवर मी तुला विचारलं, "काय म्हणाले ते?" तू टोपी हातात फिरवत बराच वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, "झालं, ग्लेंडा. सुटलीस तू." त्या तुझ्या एका शब्दावर मी हॉलिसशी लग्न केलं. तू पुन्हा लग्न केलं नाहीस, ते का, हे मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. जजसाहेबांनी तसं म्हटलं असेल, तर सही कर. आणि म्हटलं नसेल, माझ्याकडे बघून तू तुझ्याच मनाने तसं सांगितलं असशील, तरीसुद्धा, व्हर्लिन, कर.