म्हाताऱ्या बोटीला स्थळ

वाळूटोक, तळ्याचा उत्तर काठ
पाणी गोठायच्या बरंच आधी

आदरणीय युलालीवन्सं,

दुरूनच तुमचा हात हातात घेते, एकदा हलवते आणि सोडते. (तुमची पकड ठाऊक आहे, म्हणून लवकर सोडते.) इकडे सगळे खुशाल. माझा डावा गुडघा हवा बदलायच्या आदल्या दिवशी ओरडतो, त्यामुळे शेजारीपाजारी जाळी टाकायच्या आधी मला विचारून जातात. तुमची तब्येत कशी आहे? नवे दात बसले का, की अजून खिशातच असतात? शेडचं छप्पर गळत नाही ना? आतल्या वस्तू कोरड्या आहेत ना? सहज विचारलं. तुमचा कुत्रा वसंतात गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. दुसरा अजून आणला नाहीत ना? घाई करू नका. दुःख नीट होऊ द्यावं.

पत्र माझी लेक व्हिटालीन लिहिते आहे, कारण मला अक्षर येत नाही हे तुम्ही माझ्या लग्नाच्या दिवसापासून तळ्याच्या दोन्ही काठांना सांगत आला आहात. मी बोलेन तसंच लिही, असं तिला बजावलंय. (लिहिते आहे, आत्या. पण यातल्या कशालाही माझी संमती नाही. — व्हि.)

तर वन्सं, बातमी अशी, की आपल्या बोटीचं जमतंय! बोट म्हणजे तुमच्या भावाची, माझ्या अँब्रोजची, ॲल्युमिनियमची. व्हिटालीनपेक्षा वयाने मोठी, आणि तिच्यापेक्षा कमी कुरकुरते. गेल्या महिन्यात मी नेहमीसारखी, तळं अरुंद होतं त्या चिंचोळीत, जाळं बघायला निघाले होते. खडकापाशी बोट वळवली. बोट वळली, मी वळले, मोटर काही वळली नाही. ती सरळ गेली, पुढे खाली गेली, आणि वर चार बुडबुडे पाठवून गप्प झाली. मागची फळी, जिच्यावर मोटर अडकवतात ती, आतून चहात बुडवलेल्या बॅनॉकच्या भाकरीसारखी मऊ झाली होती. मी शांतपणे वल्ही काढली, जाळं बघितलं, मासे घेतले, आणि वल्हवत घरी आले. वाटेत गाणंही म्हटलं. घरी मात्र असा आकांत, की बुडाली ती मोटर नसून मीच! व्हिटालीनने तिथल्या तिथे जाहीर केलं, की आता पुरे, बोट अंगणात ओढायची, तिच्यात माती भरायची आणि बटाटे लावायचे. (शाळेसमोरच्या जुन्या बोटीत फुलं लावली आहेत, ती छान दिसतात. — व्हि.) बघा वन्सं, ज्या बोटीतून तुमच्या भावाने मला लग्नानंतर पहिल्यांदा शिकारीला नेलं, जिच्यात मूस हरणाचा आख्खा मागचा पाय मांडीवर घेऊन मी घरी आले, तिच्यात बटाटे! मग मी काठी आपटली आणि ठरलं ते असं: पांढरा मासा अंडी घालायला काठाकडे यायच्या आत बोट चालली, तर बोट माझी. नाही चालली, तर बटाट्यांची.

त्या दिवसापासून मी वीस वर्षांनी तरुण झाले आहे. सकाळी चहा टाकायच्या आधी बोटीला हात लावून येते.

फळी जावयाने, मोदेस्तने, नवी बसवली. काम फार सुंदर केलं. (तोंडावर कौतुक करता येत नाही, म्हणून पत्रात करते.) मग स्थळं यायला लागली. पहिलं स्थळ आणलं माझ्या झेवियरने, चाळीस घोड्यांची मोटर, काळी कुळकुळीत, आवाज असा की पलीकडच्या काठावरची अस्वलं उठून बसली. बोटीच्या अंगावर पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर किती घोडे झेपतात ते लिहिलंय, असं व्हिटालीन ओरडून सांगत होती. झेवियर म्हणाला, “आई, पट्टी म्हातारी झाली, बोट नाही.” ती मोटर अडकवल्याबरोबर बोटीचं ढुंगण पाण्यात बसलं आणि नाक आभाळात गेलं. मी सगळ्या सफरीत फक्त बदकं बघितली. परत येताना नाकाशी पिठाचं पोतं ठेवलं, तर नाक जरा खाली आलं, पण पोतं भिजलं आणि आठवडाभर आम्ही तळ्याच्या चवीचं बॅनॉक खाल्लं. घोडे झेवियरला परत दिले.

दुसरं स्थळ मोदेस्तने आणायचं ठरवलं, आणि इथे खरी गंमत झाली. आपण क्री माणसं, या मुलखातली मूळची. सासूने जावयाशी बोलायचं नाही, जावयाने सासूकडे बघायचं नाही. आजकालच्या पोरी हसतात, पण मी पाळते आणि तो बिचाराही पाळतो. जे काही बोलायचं ते आम्ही आमच्या कुत्र्याशी बोलतो. (कुत्रा दोघांपेक्षा शहाणा झालाय. — व्हि.) मोदेस्त भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “काय रे कुत्र्या, मोटरीचा पाण्यात जाणारा पाय केवढा हवा? फळीचं वरचं टोक बुडापासून किती उंच?” मी कुत्र्याला म्हटलं, “एवढं.” आणि हाताने दाखवलं, मांडीपासून गुडघ्यापर्यंत, अगदी नेमकं. आता तो भिंतीकडे बघतोय. त्याला कसं दिसणार? आणि पुन्हा विचारणं म्हणजे सासूला खोटं पाडणं. तो “बरं रे कुत्र्या” म्हणून गेला आणि अंदाजाने लांब पायाची घेऊन आला. अशी लांब, की पंखा तळ्याच्या बुडाशी गप्पा मारायला जायचा. काठाजवळचा प्रत्येक दगड तिने ओळखून घेतला, शेवाळाचं मुंडासं बांधलं, आणि मागून पाण्याचा असा फवारा उडवला की मी बोटीत बसून अंघोळ करून आले. घरी आल्यावर कुत्र्याला सांगितलं, “फार चांगली मोटर आहे, पण मोठ्या बोटीला.” मोदेस्त दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी हात केला तेवढी काठी मोडून कुत्र्याच्या तोंडात दिली. तेव्हा कुठे त्याला कळलं.

आता मला पक्कं ठाऊक आहे काय हवं ते! पाय आखूड हवा. घोडे आठ-दहा पुरेत, म्हणजे बोट पळेल पण नाक वर करणार नाही. हलकी हवी, थंडीत मला एकटीला उचलून घरात आणता यावी. दोरी ओढून चालू होणारी हवी, कारण बटणावर माझा विश्वास नाही. नव्या मोटरी शांत असतात म्हणतात, पण जड, आणि म्हाताऱ्या बोटीला हलकीच बरी. सगळ्या गुणांचं स्थळ गावात शोधलं, एकही नाही. पांढरा मासा मात्र कोणासाठी थांबत नाही. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. व्हिटालीनने बटाटे निवडायला सुरुवात केली आहे. (ते फक्त बटाटे निवडणं होतं. — व्हि.)

बाकी सगळं ठीक. लहानांना आशीर्वाद, मोठं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुमची भावजय,
फिलोमेन

ता. क. तुमचे यजमान असताना एकदा बदकांच्या शिकारीसाठी, आठवडाभराकरिता म्हणून, अँब्रोजची जुनी मोटर घेऊन गेले होते. आखूड पायाची, हलकी, दोरीची. तिच्याजागी घेतलेली दुसरी, ती तळ्यात गेली. जुनी तुमच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगाखाली आहे. तो आठवडा आता संपला असावा.

ता. क. २. पत्र घेऊन मोदेस्तच आलाय. दाराशी उभा आहे, जमिनीकडे बघतोय. त्याला चहा द्या. आपल्यात बायकोची आत्याही सासूच, म्हणजे तुम्हाला त्याच्याशी बोलता येणार नाही, “नाही” म्हणणं तर दूरच. आणि तुमच्याकडे कुत्रा नाही.

ता. क. ३. मोटरीबरोबर तुम्हीही या. बोटीचं नाक खाली ठेवायला पुढे वजन लागतं. पोतं ठेवून बघितलं, वन्सं, पण पोतं भांडत नाही.