लाल तळवे

चिरंजीवास आशीर्वाद.

लिहून देणार तुझा पिता, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा कापड रंगवण्याचा. मला आजवर कोणी खोटे म्हटलेले नाही. याआधीची दोन पत्रे टपालात टाकण्याचे धैर्य झाले नाही.

कोरोनातून तुझी मुलगी दोन दिवसांत उठली होती. महिन्याने पुन्हा ताप आला. तळवे, ओठ, डोळे लाल झाले. सूनबाई म्हणाली, "मामंजी, दवाखान्यात नेऊ या."

मी म्हणालो, "रंगाऱ्याची नात लाल नाही तर काय पांढरी होणार? रंगाच्या पिंपात हात घातलेत हिने."

"आजोबा, शप्पथ! मी हातसुद्धा लावला नाही."

मी तिला खोटारडी ठरवले आणि दोन दिवस सोड्याने तिचे तळवे घासले. पाण्यात रंग उतरत नव्हता. पन्नास वर्षे रंगारी असलेल्या मला ते पहिल्याच दिवशी दिसले होते. पण बोललेला शब्द मागे घेणे मला जमले नाही.

तिसऱ्या दिवशी नेले. डॉक्टर म्हणाले, कोरोना गेल्यावर क्वचित लहान मुलांचे शरीर स्वतःवरच उलटते. सूज हृदयापर्यंत गेली आहे, आणायला उशीर केलात. पाचव्या दिवशी ती गेली.

उशीर सूनबाईने केला, असे फोनवर तुला मीच सांगितले. तू तिला माहेरी जायला सांगितलेस. तिने तरीही माझे नाव घेतले नाही.

तळवे घासताना समक्ष हजर: तांब्याने पाणी घालणारी तुझी पत्नी, आणि तुझी मुलगी, वय वर्षे सहा, जिची साक्ष खरी होती.

तुझा पिता