आपलंच समजा

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं आणि अकरा गायी मजेत. फाटकावर ‘या, आपलंच समजा’ अशी पाटी लावल्यापासून वस्तीतली माणसं येतात, दूध नेतात, कुंपण बांधायला हात लावतात. तुझी भावजय भलतीच खूश आहे.

एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. इथे एक म्हातारा आहे, सगळे त्याला घुम्या म्हणतात. कुणाशी चकार शब्द बोलत नाही. रोज सकाळी आमच्या कुरणात वाकून काहीतरी उपटतो, गोणी भरतो आणि चालता होतो. हटकलं तर नुसती मान हलवली. गवत म्हणावं, तर त्याच्या दारात साधी शेळीही नाही. विकत असेल का गं?

कळव. लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.

शिलाई मशीन सोडून शेणात हात घातलेला,
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे, ‘आपलंच समजा’ असं तूच लिहिलंस, आणि लोक समजले! आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या सुईदोरा, तुला गवतातलं काय कळणार? न बोलणारा माणूस आतल्या गाठीचा. आज गवत, उद्या वासरू.

हे म्हणाले, आधी त्याला नीट विचारू दे. ह्यांचं काय, दुकानात कुलपं विकतात आणि घराचं दार सताड उघडं टाकतात! त्याच दुकानातलं सात लिव्हरचं कुलूप पाठवतेय. लाव आणि मोकळा हो. भावजयीला विचारत बसू नकोस, ती भोळी आहे.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न.

कुलूप लावलं. घुम्या दोन दिवस फाटकाबाहेर उभा राहून कुरणाकडे बोट दाखवत होता. मी पाठ फिरवली. आता दूध न्यायलाही कुणी येत नाही. सगळे आतून एकच असतील का? तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही.

धाकटा

२ एप्रिल

ताई,

आमची झिपरी गाय गेली. तोंडाला फेस आला आणि दुपारपर्यंत संपली. आणखी दोघी आडव्या झाल्या. गुरांच्या डॉक्टरांनी कुरणातून बारीक पानांचं एक रोप उपटलं आणि विचारलं, हे विष यंदा का काढलं नाही. ताई, घुम्याच्या गोणीत तेच असायचं. जन्मभर गुराखी होता तो.

त्याच्या दारात जाऊन रडलो. तेव्हा त्याने तोंड उघडलं. गुरं पाळणाऱ्याला हे सांगावं लागतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं म्हणे. मग गोणी घेऊन माझ्यापुढे चालू लागला. फाटकाशी मी किल्ली उलटसुलट फिरवत राहिलो, कुलूप उघडेना. तो सत्तरीचा माणूस कुंपणावरून चढून आत गेला. मागोमाग वस्तीतली बाकीची माणसं.

त्या दोघी उठल्या. कुलूप तू पाठवलंस, पण लावलं मी.

धाकटा

७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अर्धं पत्र मी वाचलं, पुढचं ह्यांनी वाचून दाखवलं. झिपरीला मी कधी पाहिलंही नव्हतं रे, तरी घास उतरत नाही.

रविवारी येतेय. ते रोप मला दाखव. सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत माझे, एक सुटणार नाही. कुलूप कुणी पाठवलं ते घुम्याबाबांना तू सांगू नकोस, मी सांगेन. आणि ते फेकून देऊ नकोस. माझ्या तोंडाला लागेल.

लोभ उरला असेल तर फाटक उघडं ठेव.

तुझी ताई