पोकळ बियांचा हंगाम

लोनकिमायच्या वरची वस्ती,
२२ एप्रिल १९६४

प्रिय अंब्रोसियो,

आपल्या बोलीतला नमस्कार, मारी मारी. तुझं पत्र मिळालं. तेमुकोत तुम्ही सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. इकडे सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायला लागला आहे. मेंढ्या खाली आणल्या. बाबांना मातीआड करून आज सोळा दिवस झाले.

तू येऊ शकला नाहीस हे मी समजू शकते, असं इथे लिहायची रीत आहे. मी ते लिहीत नाही.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘बाबांचं वय झालं होतं. आणि झाडंसुद्धा एखादं वर्ष विसावा घेतात, त्यात काय एवढं?’ पहिलं खरं आहे. ते छातीच्या दुखण्याने गेले. दुसरं मला सहन होत नाही.

विसावा घेणाऱ्या पेवेनच्या झाडाला शंकू धरत नाहीत. आपल्या झाडांना धरले होते, नेहमीसारखेच, माणसाच्या डोक्याएवढे. मार्चमध्ये आम्ही बिया गोळा करायला वर गेलो. सेगुंदोकाकांनी दोरी फेकून फांदी हलवली आणि पहिला शंकू पाडला. तो इतका हलका होता की पडल्याचा आवाजच नीट आला नाही. बाबांनी फोडला. आत बियांच्या जागी चपटी, कोरडी सालपटं. दुसरा फोडला, तिसरा फोडला. दुपार कलली तरी ते फोडतच होते. चिकाने बोटं एकमेकांना चिकटली होती. नदीपलीकडे, शेजारच्या पाइनेमाल घराण्याच्या राईत त्याच दिवशी पोती शिवून ठेवत होते.

“मी काय केलं गं?” बाबांनी मला विचारलं. “झाडांच्या मागच्या प्रार्थनेला मी गेलो नाही, या छातीमुळे. तेच झाडांना लागलं.”

“तसं काही नसतं, बाबा.”

“मग कसं असतं? तू शिकलीस ना, सांग.”

मी पोतं झटकायच्या निमित्ताने उठले.

कसं असतं ते तुला सांगते. आपल्या पेवेनला फूल नाही, मधमाशी नाही. त्याचं बी फळात झाकलेलं नसतं. ते मादी झाडाच्या शंकूतल्या खवल्यावर उघडं बसून नर झाडाच्या पिवळ्या भुकटीची वाट बघतं, आणि ती भुकटी फक्त वारा आणतो. डिसेंबरात भुकटी पोचली तर ते बी पिकून गळायला पुढच्या वर्षाचा मार्च उलटून त्याच्या पुढचा उजाडावा लागतो. तू बासष्टच्या जानेवारीत आपली नर झाडं लाकूड कारखान्याला तोडायला दिलीस, तेव्हा त्या साली उडायची ती भुकटी उडून गेली होती. म्हणून पुढचे दोन हंगाम भरले. दोन्ही वेळा तू येऊन पोती नेलीस. दोन्ही वेळा चुलीपाशी पाय पसरून म्हणालास, “बघा, काय बिघडलं?” आता हे बिघडलं आहे. यंदा नदीकडच्या कडेच्या तीन झाडांत ओंजळभर बिया मिळाल्या, तेवढीच पलीकडची भुकटी वाऱ्याने येते.

एकेचाळीस झाडं, अंब्रोसियो. आजोबांच्या आजोबांनी ज्यांना नावाने हाक मारली ती. आणि शब्द कोणता, तर बिनकामाची! लाकूड कारखान्याचा माणूस तो बोलला, पण घरात आणलास तू. “हे नर खातात, जागा अडवतात, पोर एक नाही. अगदी आपल्या काकांसारखे,” असं तू म्हणालास. काका म्हणाले, “मला तेवढं तोडू नकोस रे, माझी एक धड फळी निघायची नाही.” सगळे हसले. मीही हसले.

आज कोणी हसत नाही. पाइनेमालांकडून दोन पोती बिया आल्या, दया म्हणून. म्हातारे म्हणतात, त्याने प्रार्थना चुकवली, झाडं त्याच्यावर रुसली. तोडलेल्या झाडांचे बुंधे सगळ्यांना दिसतात, पण मध्ये दोन भरलेले हंगाम गेले, त्यामुळे कोणी इकडचं तिकडे जोडत नाही. बाबांचं नाव निघालं की बायका आवाज उतरवतात. त्याआधी साठ वर्षं एकही प्रार्थना न चुकवलेल्या माणसाचं नाव!

आता जे टाळत आले ते लिहिते. झाडतोडीच्या कराराचा तो कागद बाबांना मी वाचून दाखवला होता. त्यांनी विचारलं, “माद्यांना काही त्रास नाही ना व्हायचा?” तू माझ्याकडे बघितलंस. मिशनच्या शाळेत सिस्टर ओटिल्याने फळ्यावर काढलेला नर शंकू आणि त्यातून सुटलेल्या वाऱ्याच्या रेघा मला तेव्हा स्वच्छ आठवत होत्या. पण कागदाच्या शेवटच्या ओळीत वस्तीच्या शाळेची खोली बांधायला साठ फळ्या लिहिल्या होत्या, आणि मी चार वर्षं झाडाखाली मुलांना शिकवत होते. मी म्हणाले, “नाही, बाबा.” त्यांनी अंगठा उठवला.

तुला कळत नव्हतं. मला कळत होतं. तुझ्यावरचा माझा राग त्यामुळे कमी होत नाही, हे लक्षात ठेव.

वरून खाली आल्यावर ते जवळपास तीन आठवडे जगले. रोज काढा मीच देत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शेवटच्या सकाळी ते भिंतीकडे तोंड करून झाडांची माफी मागत होते आणि मी हातात वाटी धरून उभी होते.

दहा मे रोजी, बर्फाने खिंड बंद व्हायच्या आधी, सगळी घरं पाइनेमालांच्या अंगणात जमतील. तिथे मी उठून बोलणार आहे. बाबांचं काही चुकलं नाही हे सर्वांसमोर सांगणार आहे. तू ये. लोनकिमायपर्यंत ट्रक मिळतो, पुढे काका घोडा घेऊन येतील. आधी मी माझं सांगेन. मग खाली बसेन आणि तुझ्यासाठी थांबेन. तू नसलास तर पुन्हा उठेन, तुझंही सांगेन, आणि ते मऊ करून सांगणार नाही.

बाबांशी खोटं बोललेली तुझी थोरली बहीण,
डोमितिला