नेट गेल्यावरचं वाक्य

ओस्लो, बुधवार

प्रिय आई,

तू पाठवलेलं वाळवलेलं मटण पोचलं. वासामुळे घरमालकीणबाईंनी ते बाल्कनीत टांगायला लावलं, पण मी रोज खाते. तब्येत चांगली आहे. समुद्रात गेलेल्या बाबांच्या बोटीचं अजून काही कळलं का?

फोनवरचा ब्राउझर आपल्या बेटांवरच्या फेरोई भाषेत आणण्याचं माझं काम संपत आलंय. अडलंय ते एका वाक्यापाशी. नेट गेलं की पडद्यावर काय दिसावं? मला सुचेना, म्हणून वादळात बाबांच्या बोटीला उशीर झाला की तू खिडकीशी उभी राहून आम्हाला जे सांगायचीस, तेच लिहिलं : "जरा थांबा, येईल."

माझा वरिष्ठ तोरगाइर हसला. "अगं रन्वा, येईल कशावरून? बाकी सगळ्या भाषांत नुसतं 'नेट नाही' असं लिहिलंय. तूच कोण लागून गेलीस वचन द्यायला?"

उद्या काम सोपवायचं आहे, आणि खोटं लिहायची मला भीती वाटते. आई, तुला तेव्हा खात्री असायची, की आम्ही रडू नये म्हणून तसं म्हणायचीस?

इथे आपली भाषा कानावर पडतच नाही. काल घरी आल्यावर वाक्य तपासायला मी फोनचं नेट बंद केलं. तुझे शब्द आले. नेट मीच बंद केलंय हे ठाऊक असूनही बरं वाटलं. आज तपासायचं काही नव्हतं, तरी पुन्हा बंद केलं.

वाक्य आहे तसंच ठेवते आहे. बाबांची बोट धक्क्याला लागली की लगेच कळव. तोवर मीही थांबते.

तुझीच,
रन्वा